आकडा रात्रीत फुगला, म्हणून काय?

20 नोव्हेंबर 2024. विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी संध्याकाळी 5 वाजता महाराष्ट्राचा आकडा होता 58.22 टक्के. रात्री साडेअकराला तो 65.02 झाला आणि दुसऱ्या दिवशी 66.05. तेव्हापासून टपरीवर, सभेत, विधानभवनाच्या पायऱ्यांवर आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालयातही एकच सवाल विचारला जातो आहे: वाढीव 76 लाख मतं आली कुठून? हा सवाल आता इतका पाठ झाला आहे की विचारणाऱ्याला उत्तर ऐकून घेण्याची गरजच वाटत नाही. सवाल टाकायचा, भुवया उंचवायच्या आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचं.

मला या सवालाचा प्रतिवाद करायचा आहे. निवडणूक आयोगाची वकिली करण्यासाठी नव्हे. आयोगाला जे सुनावायचं आहे ते पुढे सुनावणारच आहे. पण चुकीचा आरोप हा आरोपीला मिळालेला सर्वांत मोठा आधार असतो. गेल्या दीड-दोन वर्षांत मतदानाच्या टक्केवारीवरून जेवढा आरडाओरडा झाला, तेवढ्या वेळात आणि तेवढ्या त्वेषाने योग्य जागी बोट ठेवलं असतं, तर निवडणूक आयोगाला पळायला वाट उरली नसती.

आधी 76 लाखांचा हिशेब करू. तो करायला कुणी संख्याशास्त्रज्ञ लागत नाही. राज्यात मतदार होते सुमारे 9 कोटी 70 लाख आणि मतदान केंद्रं एक लाखाहून थोडी जास्त. 66.05 मधून 58.22 वजा केले की उरतात 7.83 टक्के, म्हणजे साधारण 76 लाख. ही मतं एक लाख केंद्रांत वाटली की दर केंद्राला आली 76. आता उलटं बघा. सकाळी 7 ते संध्याकाळी 5, या दहा तासांत 58.22 टक्के मतदान झालं, म्हणजे साधारण 5 कोटी 65 लाख मतं. दर केंद्रावर, दर तासाला, सरासरी 56. मतदानाची वेळ 6 पर्यंत होती. 6 वाजता रांगेत जे उभे असतात त्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत येतात आणि त्या सगळ्यांचं मतदान झाल्याशिवाय केंद्र बंद होत नाही. म्हणजे 5 नंतरचा एक पूर्ण तास, अधिक रांग. या वेळात 56 च्या जागी 76 मतं पडली असतील तर त्यात आभाळ कोसळण्यासारखं काय आहे? ज्याने कधी आपल्याकडच्या केंद्रावर संध्याकाळी साडेपाचची रांग पाहिली आहे, शेतातून परतलेली बायामाणसं आणि लोकल पकडून आलेले नोकरदार पाहिले आहेत, त्याला हा आकडा उलट कमीच वाटेल.

आणखी एक गफलत आहे. 58.22 हा आकडा 5 वाजता जाहीर झाला. 5 वाजेपर्यंत पडलेल्या मतांचा तो नव्हे. दर दोन तासांनी केंद्राध्यक्ष ढोबळ आकडा सांगतो, तो क्षेत्रीय अधिकाऱ्याकडे जातो, तिथून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे, तिथून वर. वाटेत फोन लागत नाही, केंद्रावर गर्दी असते, आकडा मागच्या वेळचाच पुढे ढकलला जातो. हा तात्पुरता आकडा वर्तमानपत्रं आणि वाहिन्यांना दिवसभराचा अंदाज यावा म्हणून असतो. कायद्यात त्याला काडीचं स्थान नाही. न्यायालयात मात्र तो 6 नंतरच्या मतांचा पुरावा म्हणून सादर झाला. आकडा 5 चा आणि आरोप 6 नंतरचा! 25 जून 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली, आणि ती मांडली होती तशी मांडल्यावर दुसरं काही होण्यासारखं नव्हतं.

तरीही कुणी म्हणेल, आकडा नेहमी वरच का जातो? रात्रीतून टक्का कमी झाल्याचं कधी ऐकलंय का?

ऐकलंय. चेन्नईत.

19 एप्रिल 2024. लोकसभेच्या पहिल्या टप्प्यात तमिळनाडूतल्या सर्व 39 जागांसाठी एकाच दिवशी मतदान झालं. संध्याकाळी 7 वाजता राज्याचे मुख्य निवडणूक अधिकारी सत्यब्रत साहू यांनी आकडा दिला 72.09 टक्के. मध्यरात्रीच्या सुमारास नवा आकडा आला 69.46. राज्यभरात सोळा लाखांवर मतं काही तासांत कागदावरून नाहीशी झाली. आणि दक्षिण चेन्नई मतदारसंघात तर कहरच झाला. तिथे आधी जाहीर झालेला टक्का होता 67.82, तो घसरून झाला 54.27. साडेतेरा टक्क्यांहून जास्त! सुमारे वीस लाख मतदारांच्या मतदारसंघात पावणेतीन लाखांच्या आसपास मतदार, जे संध्याकाळी मतदान करून आले होते, मध्यरात्री घरीच बसलेले निघाले. मध्य चेन्नईची गतही तीच.

महाराष्ट्राचा तर्क इथे लावून बघा. आकडा वाढला म्हणजे मतं घुसवली, तर आकडा घटला म्हणजे मतं पळवली असं म्हणायला हवं. म्हटलं का कुणी? त्या जागेवर द्रमुकच्या तमिळची तंगपांडियन निवडून आल्या, भाजपच्या तमिळिसै सौंदरराजन हरल्या, आणि विषय संपला. मतांच्या चोरीचा गवगवा तिथे कुणाच्या सोयीचा नव्हता. साहूंचं स्पष्टीकरण साधं होतं: 7 चा आकडा अ‍ॅपवरून घेतलेला होता, काही थोड्याच केंद्रांनी भरलेल्या माहितीवर तो बेतलेला होता, नंतरचा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडून आला. माझ्या मते हे स्पष्टीकरण खरं आहे. ते लाजिरवाणंही आहे, कारण थोड्या केंद्रांवरून सगळ्या शहराचा टक्का काढून तो दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत जाहीर करणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. 67.82! ते .82 कुठून आणलं? ज्या आकड्याच्या पहिल्या अंकाचाच भरवसा नाही, त्याला शंभराव्या भागापर्यंत नेऊन सोडणं हे सरकारी दप्तराचं जुनं व्यसन आहे.

पण निष्काळजीपणा वेगळा आणि चोरी वेगळी. दोन्ही कशा वेगळ्या ओळखायच्या, हे शिकायचं असेल तर त्याच दक्षिण चेन्नईच्या पोटातल्या वेलचेरी विधानसभा मतदारसंघात तीन वर्षं मागे जावं लागेल.

वेलचेरी ओळखीची असण्याचं मराठी वाचकाला तसं कारण नाही, पण चेन्नईच्या संगणक कंपन्यांत नोकरी लागलेली पुण्या-नाशिकची मुलं तिथे हमखास खोली घेतात. जुन्या तलावाकाठचं गाव, भोवती दलदल, आणि गेल्या पंचवीस वर्षांत त्यावर चढलेले मजले, मॉल, भाड्याची घरं. 2015 च्या पुरात आणि 2023 च्या मिचाँग वादळात पाणी भरलं की दूरचित्रवाणीवर दिसते ती हीच वेलचेरी. 6 एप्रिल 2021 ला तमिळनाडू विधानसभेचं मतदान होतं. मतदान आटोपल्यावर वेलचेरी-तरमणी रस्त्यावर लोकांनी दुचाकीवरून चाललेली मतदान यंत्रं पकडली. सोबत मताची चिठ्ठी छापणारं व्हीव्हीपॅट यंत्रही होतं. नेणारे महापालिकेचे कर्मचारी होते. गर्दी जमली, काँग्रेस आणि द्रमुकचे कार्यकर्ते धावले, रस्ता अडला, चित्रफिती रात्रीतच राज्यभर फिरल्या. राज्यात तेव्हा अण्णाद्रमुकचं सरकार होतं, हे लक्षात ठेवायला हवं.

पहिला सरकारी खुलासा आला: ही राखीव यंत्रं आहेत, वापरलेली नाहीत. बिघाड झाला तर बदलून देण्यासाठी अशी जादा यंत्रं क्षेत्रीय अधिकाऱ्याच्या ताब्यात असतात, हे खरंच आहे. मतदान संपल्यावर ती परत न्यायची असतात, हेही खरं. ती सरकारी वाहनातून, बंदोबस्तात न्यायची असतात आणि कुणा कर्मचाऱ्याच्या दुचाकीच्या मागच्या सीटवरून नाही, एवढाच काय तो तपशील! प्रशासनाला वाटलं, प्रकरण मिटलं.

मिटलं नाही, कारण चौकशीत निघालं की व्हीव्हीपॅट राखीव नव्हतं. ते 92 क्रमांकाच्या केंद्रावर 50 मिनिटं चाललं होतं, त्यात 15 मतं पडली होती, मग ते बिघडलं म्हणून बदललं गेलं. ही गोष्ट साहू यांनीच जाहीर केली. म्हणजे पहिला खुलासा चुकीचा होता. मुद्दाम केलेला खोटेपणा की न तपासताच केलेली सारवासारव, हे बाजूला ठेवू. यंत्र वापरलेलं नाही असं सरकारी तोंडून ठामपणे सांगितलं गेलं आणि ते यंत्र वापरलेलं होतं. कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. आयोगाने लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 58 खाली त्या एका केंद्राचं मतदान रद्द ठरवलं आणि 17 एप्रिलला फेरमतदान घेतलं. केंद्र केवळ पुरुष मतदारांचं होतं. यादीत 548 नावं. फेरमतदानाला आले 186 जण.

थोडं थांबून यातली यांत्रिक बाजू बघू, कारण आरडाओरड्यात तीच हरवली. मत नोंदवलं जातं ते कंट्रोल युनिटमध्ये. व्हीव्हीपॅट फक्त चिठ्ठी छापून दाखवतं आणि पेटीत टाकतं. व्हीव्हीपॅट मधेच बिघडलं तर ते बदलतात. आधी पडलेली मतं कंट्रोल युनिटमध्ये राहतात, चिठ्ठ्या जुन्या यंत्राच्या पेटीत राहतात. म्हणजे वेलचेरीच्या दुचाकीवर जे चाललं होतं ते मत नव्हतं. 15 मतांचा कागदी पुरावा होता. मतमोजणीत काही घोळ झाला असता तर जो कागद मोजून सत्य कळायचं, तोच बेवारशी रस्त्यावर फिरत होता. मतदान यंत्राचे कट्टर समर्थकही व्हीव्हीपॅटची ढाल पुढे करतात. 8 एप्रिल 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने दर विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायला सांगितल्या त्या याच भरवशावर. 26 एप्रिल 2024 ला सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी न्यायालयाने फेटाळली, तीही कागदी पुराव्याची ही साखळी अभंग आहे असं मानूनच. साखळीची एक कडी दुचाकीवर सापडली.

2 मे रोजी निकाल लागला. काँग्रेसचे जे. एम. एच. असन मौलाना यांना 68,493 मतं, अण्णाद्रमुकचे एम. के. अशोक यांना 64,141. फरक 4,352. सत्तेवर असलेला पक्ष हरला.

इथे दोन्ही बाजूंचे लोक आपापला सोपा निष्कर्ष काढतात. एक म्हणतात, बघा, 15 मतांसाठी केवढा तमाशा, 4,352 च्या फरकात 15 म्हणजे काय! दुसरे म्हणतात, एक दुचाकी पकडली गेली, न पकडलेल्या किती असतील? पहिला युक्तिवाद मला जास्त घातक वाटतो. निकालावर परिणाम झाला नाही म्हणून गैरप्रकाराकडे डोळेझाक करायची, हा हिशेब दुकानदाराने गल्ल्याबाबत कधी केला नसता. मतमोजणीच्या आधी फरक किती येणार हे कुणाला माहीत असतं? सुदैवाने आयोगाने तेव्हा तसा हिशेब केला नाही. फरकाची वाट न पाहता फेरमतदान घेतलं. त्याबद्दल त्यांना श्रेय द्यायला हवं आणि मी ते देतो. दुसऱ्या युक्तिवादाला उत्तर एकच: न पकडलेल्या दुचाकी मोजायची सोय आहे. ती सोय म्हणजे नमुना 17 सी, आणि त्याच्याकडे मी येतोच आहे.

त्याआधी टक्केवारीचा उरलासुरला मुलाहिजा संपवू. 2021 च्या त्या निवडणुकीत तमिळनाडूच्या 234 मतदारसंघांत सर्वांत कमी मतदान कुठे झालं? वेलचेरीत. 55.95 टक्के. सर्वांत जास्त पालक्कोडमध्ये, 87.33. निकालानंतर नेहमीचे अग्रलेख आले असणार: शहरी मतदार बेफिकीर, सुशिक्षित माणूस सुट्टी घेऊन सहलीला जातो, वगैरे. आपल्याकडेही दक्षिण मुंबई आणि कल्याणला 2024 च्या लोकसभेत जेमतेम 50 टक्के मतदान झालं तेव्हा हेच ऐकायला मिळालं. मध्यमवर्गाला झोडपणं सोपं असतं. तो उलटून मारत नाही.

पण टक्का हा अपूर्णांक असतो. वर मतदान करणारे, खाली यादीतली नावं. खालची यादी खरी आहे का, हे कुणी तपासत नाही. वेलचेरीत ते तपासलं गेलं, 2025 मध्ये. आयोगाने मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी हाती घेतली. तमिळनाडूची प्रारूप यादी 19 डिसेंबर 2025 ला प्रसिद्ध झाली आणि राज्याची मतदारसंख्या 6 कोटी 41 लाखांवरून 5 कोटी 43 लाखांवर आली. 97 लाखांहून जास्त नावं बाहेर. त्यांतली 66 लाखांहून अधिक नावं स्थलांतरितांची किंवा पत्त्यावर न सापडलेल्यांची. चेन्नई जिल्ह्यात 40 लाखांपैकी 14 लाख 25 हजार नावं गेली. आणि चेन्नईच्या सोळा मतदारसंघांत सर्वाधिक नावं कुठली गेली? पुन्हा वेलचेरी. 1,27,521.

सुमारे तीन लाखांच्या यादीतून सव्वा लाखाहून जास्त नावं! आता एक गंमत करून बघा. 2021 मध्ये जेवढी माणसं मतदानाला आली, तेवढीच धरा, एकही वाढवू नका. फक्त खालची यादी ही छाटलेली घ्या. 56 टक्क्यांच्या जागी टक्का नव्वदीच्या पार जातो. राज्यातला सर्वांत बेफिकीर मतदारसंघ पालक्कोडच्याही पुढे निघून जातो. हा ढोबळ खेळ आहे, मला कल्पना आहे. 2021 च्या आणि 2025 च्या याद्या एक नाहीत, आणि प्रारूप यादीतून गेलेलं प्रत्येक नाव बोगस होतं असं मुळीच नाही. भाड्याने राहणारा, दर दोन वर्षांनी घर बदलणारा मतदार दार ठोठावल्यावर घरी नसला म्हणून त्याचं नाव उडालं असेल, तर तो त्याच्यावर अन्यायच आहे. म्हणून 56 खरा नाही आणि 94 ही खरा नाही. ज्या अपूर्णांकाचा छेदच असा हेलकावे खातो, त्याच्या अंशातल्या सात-आठ टक्क्यांवरून सरकार चोरलं गेल्याचा निष्कर्ष काढणं हे कुठलं शहाणपण?

महाराष्ट्रातल्या आणखी एका आरोपाची वाट अशीच चुकली होती. विधानसभा निकालानंतर एका वृत्तसंकेतस्थळाने दाखवलं की राज्यात पडलेली मतं 6 कोटी 40 लाख 88 हजार 195 आणि मोजलेली मतं 6 कोटी 45 लाख 92 हजार 508. पाच लाख मतं जास्त मोजली गेली! आकडे दोन्ही खरे होते. पण पहिल्यात टपाली मतदान धरलेलं नव्हतं आणि दुसऱ्यात होतं. आयोगाने 5 लाख 38 हजार 225 टपाली मतांचा आकडा पुढे केला आणि आरोप दुपारपर्यंत आडवा झाला. पुढच्या खऱ्या आरोपाच्या वेळीही आयोग हेच उदाहरण तोंडावर फेकणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता आयोगाची पाळी.

टक्का हा पुरावा नाही, हे आयोगही म्हणतो. बरं, मग पुरावा काय? मतदान संपलं की केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटचं बंद करण्याचं बटण दाबतो. पडद्यावर एकूण मतांचा आकडा येतो. तो आकडा 17 सी या नमुन्याच्या पहिल्या भागात लिहितो, यंत्रांचे आणि मोहरांचे क्रमांक लिहितो, सही करतो आणि हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला त्याची प्रत देतो. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा या नमुन्याशी जुळवतात. मानवी हाताने लिहिलेला, सही असलेला, त्याच रात्री तयार झालेला आकडा तो हाच. इथे टक्का नाही, अंदाज नाही, छेद नाही. 92 नंबरच्या केंद्रावर किती मतं पडली, त्याचं उत्तर या कागदावर आहे.

हे कागद संकेतस्थळावर टाका, एवढी मागणी 2024 च्या लोकसभा निवडणुकीत झाली. पहिल्या टप्प्याचं मतदान 19 एप्रिलला झालं आणि अंतिम टक्केवारी 30 एप्रिलला आली; अकरा दिवस. तोपर्यंत मतांची प्रत्यक्ष संख्या नाहीच, फक्त टक्का. मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा आयोगाने सांगितलं की 17 सी सार्वजनिक करण्याची कायद्यात तरतूद नाही आणि ते टाकले तर त्यांच्या चित्रांत फेरफार करून कुणी गोंधळ माजवेल. 24 मे ला न्यायालयाने निवडणूक मध्यावर असताना हात घालायला नकार दिला. दुसऱ्याच दिवशी आयोगाने पाच टप्प्यांतल्या मतदारसंघनिहाय मतांची संख्या स्वतःहून जाहीर केली. जे काल अशक्य होतं ते आज झालं. मग केंद्रनिहाय का नाही?

फेरफाराची भीती तर हास्यास्पद आहे. अधिकृत प्रत संकेतस्थळावर असली की बनावट प्रत ओळखायला पाच मिनिटं लागतात. ती नसली की बनावट आणि खरी यांत फरक करायला काहीच हाताशी नसतं. अफवेला रोखणारा कागद अफवेच्या भीतीने कपाटात ठेवायचा, ही कुठली व्यवस्था?

आणि मग डिसेंबर 2024. वकील महमूद प्राचा यांच्या याचिकेवर पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने हरियाणातल्या मतदानाची कागदपत्रं आणि चित्रीकरण द्यायला सांगितलं. 20 डिसेंबरला निवडणूक संचालन नियमांतला 93 वा नियम बदलला गेला आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी जनतेच्या तपासणीतून बाहेर गेल्या. मे 2025 मध्ये मतदान केंद्रांचं चित्रीकरण 45 दिवसांनंतर, निकालाला आव्हान दिलं गेलं नसेल तर, नष्ट करायची सूचना गेली. ऑगस्टमध्ये मुख्य निवडणूक आयुक्त ज्ञानेश कुमार पत्रकारांनाच विचारते झाले की मतदानाला आलेल्या आया-सुना-मुलींच्या चित्रफिती आयोगाने वाटत सुटायच्या का. माजी मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळात आयोगाचा धाक होता म्हणतात. त्या धाकाचं भांडवल अजून खर्च होतं आहे, आणि आता ते तळाशी आलं आहे. मतदाराचा चेहरा झाकून गर्दीची लांबी दाखवायला किती मोठं तंत्रज्ञान लागतं? संध्याकाळी 6 वाजता रांग होती की नव्हती, एवढंच तर पाहायचं आहे. रांग होती असं मी वर गणिताने दाखवलं. आयोग ते डोळ्यांनी दाखवू शकत होता. त्याने दाखवलं नाही.

माझ्या गणिताची मर्यादाही इथेच आहे. दर केंद्राला सरासरी 76 मतं हे शक्य आहे, इतकंच मी सिद्ध केलं. सरासरीच्या पोटात काहीही लपू शकतं. एक लाख केंद्रांपैकी पाचशे केंद्रांवर रांग नसताना तीनशे मतं पडली असती तरी सरासरी फारशी हलली नसती. वेलचेरीचा 55.95 आकडा 92 नंबरच्या केंद्राबद्दल काहीच सांगत नव्हता. ते सांगितलं रस्त्यावरच्या लोकांनी, आणि मग चौकशीतल्या नोंदीने. म्हणूनच केंद्रनिहाय आकडा हवा. राज्याच्या टक्क्याने चोरी सिद्ध होत नाही, तशी सचोटीही सिद्ध होत नाही. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली म्हणजे आयोगाला चारित्र्याचा दाखला दिला, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपला उत्साह आवरावा.

मारकडवाडीची आठवण इथे येणारच. माळशिरस तालुक्यातल्या या गावाने 3 डिसेंबर 2024 ला मतपत्रिकेवर स्वतःचं मतदान घेऊन आकडे पडताळायचं ठरवलं आणि प्रशासनाने जमावबंदी लावून ते होऊ दिलं नाही. गावाचा मार्ग मला पटत नाही. तेरा दिवसांनी घेतलेलं मतदान तेरा दिवसांपूर्वीच्या मताचा पुरावा ठरू शकत नाही. पण गावाला शंका फेडण्याचा दुसरा कुठलाही मार्ग सरकारने दाखवला नाही. पोलीस मात्र दाखवले. प्रश्न विचारणाऱ्यावर गुन्हे दाखल करून विश्वास वाढत नसतो.

विरोधी पक्षांना एक वेगळा हिशेब द्यावा लागेल, आणि त्याबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत. 17 सी ची प्रत आयोग जनतेला देत नसेल, पण तुमच्या मतदान प्रतिनिधीला ती मिळते. दर केंद्रावर. त्याच रात्री. महाराष्ट्रातल्या एक लाख केंद्रांपैकी किती केंद्रांवरची प्रत तुमच्याकडे आहे? 5 वाजताचे आणि रात्रीचे आकडे दाखवून वर्षभर भाषणं ठोकणाऱ्या एकाही पक्षाने आपल्याकडच्या सगळ्या प्रती एका जागी मांडून, मोजणीच्या आकड्याशी ताडून, इथे एवढा फरक आहे असं दाखवलं असतं, तर त्या एका कागदाने हजार भाषणांचं काम केलं असतं. ते झालं नाही, याची कारणं कार्यकर्त्यांनाच जास्त माहीत. कित्येक केंद्रांवर प्रतिनिधी बसायलाच नसतो. जो असतो तो सकाळी सही करून दुपारी जेवायला जातो. जो शेवटपर्यंत बसतो तो मिळालेला कागद खिशात घालतो आणि पॅन्ट धुवायला टाकतो. केंद्रं सांभाळण्याचं कंटाळवाणं काम नको, दिल्लीत पत्रकार परिषद हवी.

वेलचेरीत यंत्रं पकडली गेली ती सरासरीच्या अभ्यासातून नव्हे. शेवटचं यंत्र कोठीघरात जाईपर्यंत रस्त्यावर लक्ष ठेवणारी माणसं तिथे होती. पहिला सरकारी खुलासा त्यांनी मान्य केला नाही आणि 15 मतांसाठी फेरमतदान करवून घेतलं.

तेव्हा पुढच्या निवडणुकीत ज्याच्या खिशात मतदान प्रतिनिधीचं ओळखपत्र असेल त्याला माझी विनंती आहे. टक्का विसरा. केंद्र बंद होईपर्यंत खुर्ची सोडू नका, केंद्राध्यक्षाने बटण दाबल्यावर पडद्यावरचा आकडा डोळ्यांनी वाचा, तो कागदावर तसाच आहे का बघा, आणि सही असलेली प्रत घेऊनच उठा. विधानसभा आणि लोकसभेच्या मतदानात त्या प्रतीसाठी अर्ज करावा लागत नाही, शुल्क भरावं लागत नाही. 1961 च्या निवडणूक संचालन नियमांतल्या 49 एस या नियमाप्रमाणे ती केंद्राध्यक्षाने हजर प्रतिनिधीला द्यायचीच असते.